कालव्यापलीकडची हाक

ओस्टरझील, एल्बे नदीचं मुख
१२ फेब्रुवारी १९२७

श्री. एबरहार्ट नॅगेले, निवृत्त मुख्याध्यापक, यांस,

आपली ओळख नाही. मी टेल्से हार्म्स. इथे बंदरावर माझं धुरी दिलेल्या मासळीचं दुकान आहे.

परवा एका गिऱ्हाइकाने माजी सैनिकांच्या मासिकाचं एक पान माझ्या फळीवर पसरलं आणि म्हणाला, "वाम यातच बांधून दे, टेल्से. घरचीच बातमी आहे." तुम्ही लिहीत असलेल्या आल्ब ब्रिगेडच्या इतिहासातलं ते प्रकरण होतं. त्यातलं एक वाक्य त्याने पेन्सिलीने अधोरेखित करून आणलं होतं: "शेवटच्या माघारीत कालव्यावरच्या पुलाच्या पहारेकऱ्याचा, उत्तरेकडच्या रेजिमेंटमधल्या एका इसमाचा, धीर सुटला, आपली माणसं पलीकडे असताना त्याने पूल उचलला."

तो इसम म्हणजे माझा भाऊ हिन्रिक. तुम्ही नाव घातलेलं नाही, पण आमच्या गावात त्याची गरज नाही. 'पूल-उचल्या' म्हटलं की शाळेतली पोरंसुद्धा आमच्या दाराकडे बोट दाखवतात. पण आजवर ते नुसतं तोंडचं बोलणं होतं. नोव्हेंबरात, मृतांच्या रविवारी, तुमचं पुस्तक निघणार असं खाली छापलंय. पुस्तकात आलं की ते दगडावर कोरल्यासारखं होईल.

ते वाक्य काढा. मी विनंती करतेय, भीक मागत नाही. या दोन्हींतला फरक शिक्षकाला सांगायला नको.

टेल्से हार्म्स

·

श्टाइनहाल्डे, वुर्टेंबर्ग
२७ फेब्रुवारी १९२७

आदरणीय हार्म्सबाई,

तुमचं पत्र कालची सबंध संध्याकाळ हातात हेबून शेगडीपाशी बसलो होतो. बाहेर बर्फ वितळत होता आणि पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं. अशा वेळी मला हटकून एकोणीसशे चौदाचा ऑगस्ट आठवतो. का, ते देव जाणे, कारण तेव्हा तर ऊन मी म्हणत होतं.

आमची ब्रिगेड निघाली तेव्हा बायकांनी बंदुकांच्या नळ्यांत शेवंतीची फुलं खोवली होती. दोन रेजिमेंटी, दोन्ही आमच्या डोंगराळ मुलखातल्या; एका गावातले सुतार, लोहार, खाटीक एकाच रांगेत. माझे कितीतरी जुने विद्यार्थी त्यात होते. मी राखीव दलातला, पन्नाशीला टेकलेला, ब्रिगेडच्या कचेरीत नकाशे सांभाळायला घेतलेला. घाट चढताना कुणीतरी शाळेतली कविता सुरू केली आणि मागच्या गाड्यांपर्यंत ती पसरत गेली. ज्यांना मी वर्गात चार ओळी पाठ न झाल्याबद्दल उभं केलं होतं, ते त्या दिवशी एक शब्द न चुकता गात होते. मी घोड्यावर बसून रडलो. धूळ डोळ्यांत गेली, असं म्हणालो.

हे अशासाठी सांगतो की तुम्हाला कळावं, हा इतिहास मी कुणाला डिवचायला लिहीत नाही. ज्यांची फुलं वाळून गेली त्यांच्यासाठी लिहितो. त्या कालव्यावर आमच्या एका तुकडीतली जवळजवळ सगळी मुलं गेली. बहीण म्हणून तुमचं दुःख मी समजू शकतो. पण झालेलं न झालं करणं माझ्या हातात नाही. ते वाक्य राहील.

आपला नम्र,
ए. नॅगेले

·

ओस्टरझील
९ मार्च १९२७

गुरुजी,

माझं पत्र संध्याकाळभर हेबत बसलात म्हणे. दीड पानाचं तर होतं. इतकं जड लागलं का की सारखं उचलून उचलून बघावं लागलं? आमच्याकडे हेबतात, म्हणजे उचलतात, त्या मासळीच्या टोपल्या; पत्रं वाचतात.

तुमची फुलं, धूळ, कविता सगळं वाचलं. छान लिहिता. आता माझं ऐका.

आमचा बाप कालव्यावरच्या उचलत्या पुलाचा राखणदार होता. त्याच्यामागे हिन्रिक. नावाड्याने हाक दिली की साखळी ओढायची, पूल वर. नाव गेली की खाली. तो झोपेतसुद्धा ती हाक ओळखायचा. लढाईहून आल्यावर ते काम त्याला परत मिळालं. लोक म्हणाले, यालाच पुलावर ठेवता? पंचायतीने काढून टाकलं. आता तो माझ्या दुकानामागे लाकडं फोडतो आणि धुरीच्या भट्टीवर बसतो. चर्चला जायला मध्ये पूल आहे, म्हणून हा बांधावरून वळसा घालून जातो आणि प्रार्थना सुरू झाल्यावर पोचतो. परवा खाणावळवाली मला म्हणाली, "काय गं, आज भाऊ काय उचलतोय?" मी म्हटलं, "तुझी उधारी. जड आहे, वेळ लागेल." पण घरी येऊन रडले, ते तुम्हाला कशाला सांगू.

एक सांगा. तुम्ही तिथे होता का? 'धीर सुटला' असं लिहिलंय. कुणाचा धीर कधी सुटला, हे कालव्याच्या कुठल्या काठावरून दिसलं तुम्हाला?

टेल्से हार्म्स

·

श्टाइनहाल्डे
४ एप्रिल १९२७

हार्म्सबाई,

पहिल्यांदा तुमच्या टोमण्याबद्दल. तो आमचा गावठी शब्द पत्रात निसटला. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत मीच त्याच्याखाली लाल रेघ मारत आलो. म्हातारपणी जीभ माहेरी जाते, त्याला इलाज नाही.

नाही, मी तिथे नव्हतो. सोम नदीवरच्या त्या उन्हाळ्यानंतर माझी फुप्फुसं गेली आणि मला घरी पाठवलं. सोमवर आमच्या पहिल्या रेजिमेंटची अशी दशा झाली की संध्याकाळी हजेरीला उभी राहिलेली माणसं एका खाणावळीत मावली असती. मग तिच्यात नवी मुलं भरली, ती फ्लांडर्सच्या चिखलात गेली, पुन्हा भरली. ब्रिगेड म्हणजे एखादी जुनी नदी. नाव तेच, पाणी दर वर्षी वेगळं. अठराच्या उन्हाळ्यात आमची दुसरी रेजिमेंट मोडली आणि तिच्या जागी तुमची, एल्बेकडची आली. महिना-दोन महिनेच एकत्र होत्या, त्याही वेगवेगळ्या टापूंत. आमची मुलं लिहायची की हे उत्तरेचे लोक बोलतात ते जर्मन आहे की नाही याचा पत्ता लागत नाही, आणि बटाट्याशिवाय जेवण नसतं असं यांना वाटतं. तुमचेही आमच्या डाळ-शेवयांना हसत असतील.

'धीर सुटला' हे मला पलीकडून जखमी होऊन शत्रूच्या हाती लागलेल्या आणि पुढे परत आलेल्या एकाने सांगितलं. तो माणूस खोटं बोलणारा नाही. त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा पूल वर जात होता, एवढं त्याला दिसलं.

आता माझी एक विनंती. ती इतिहासासाठी आहे असं समजा. तुमच्या भावाला विचारा, पलीकडच्या मुलांचा काही आवाज आला का? त्यांनी काही हाक मारली का? कोणते शब्द? मला पुस्तकासाठी हवं आहे. नक्की शब्द हवेत.

ए. नॅगेले

·

ओस्टरझील
१९ जून १९२७

गुरुजी,

उत्तराला उशीर झाला, कारण घरात भांडण झालं. तुमचा प्रश्न मी हिन्रिकला विचारला. तो कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "त्यांना काही लिहू नकोस." मी म्हटलं, "अरे, तुझंच नाव स्वच्छ होईल." "मला नको." "मग मला हवंय." "तुला काय हवंय ते तुला कळत नाही, टेल्से." एवढं बोलून तो भट्टीपाशी जाऊन बसला आणि त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं फक्त मीठ आणि लाकूड एवढंच होतं.

तरी मी लिहितेय. अठराच्या डिसेंबरात तो घरी आला तेव्हा अंगात ताप होता आणि त्याने मला सगळं सांगितलं होतं. पुढच्या वसंतात त्याला छातीसाठी दक्षिणेकडे, तुमच्याच मुलखातल्या दवाखान्यात पाठवलं. तिथून आला तो गप्पच. मला वाटतं मीच कारण. का, ते शेवटी सांगते.

तो म्हणाला, कालव्यावर फळ्यांचा पूल होता, एका काठावरून दोर ओढला की वर उचलला जाणारा. दोरावर हिन्रिक. हुकूम असा: शेवटचा माणूस अलीकडे आला की उचल, नाहीतर पलीकडून सांगितलं की उचल. पलीकडे तुमची तुकडी, सगळ्यांच्या माघारीला पाठ देऊन थांबलेली. आदल्या संध्याकाळी त्यातला एक पोरगा पाव घेऊन पूल ओलांडून आला. अर्धं बोलणं एकमेकांना कळत नव्हतं. पोरगा म्हणाला, "तुमच्याकडे डोंगर नाहीत म्हणे. मग तुम्ही संध्याकाळी बघता तरी काय?" हिन्रिक म्हणाला, "पाणी." "आणि कंटाळा आला की?" "दुसरं पाणी." पोरगा इतका हसला की पहारेवाल्याने दम दिला. मग म्हणाला, पाण्यावरून आठवलं, आणि त्याने शाळेतली एक कविता म्हटली. सावकाश, शुद्ध भाषेत, म्हणून हिन्रिकला ती शब्दन् शब्द कळली:

नदी म्हणाली वाटसरूला, थांब इथे काठाशी,
उतरुन जाइल पाणी माझे, बोल जरा माझ्याशी.

पुढचं उद्या म्हणून दाखवतो म्हणाला. हिन्रिकने त्याचं नाव विचारलं, त्याने हिन्रिकचं.

पहाटे धुकं होतं. गोळीबार जवळ आला. धुक्यातून कुणी येतंय का ते दिसेना. हिन्रिकने दोर हाताला गुंडाळून घेतला. आणि पलीकडून त्याच पोराचा आवाज आला, नावाने: "हेब, हिन्रिक. हेब, हेब." हिन्रिक म्हणाला, "मी थांबलो, टेल्से. मला वाटलं, हे पोर स्वतःची वाट तोडायला सांगतंय. शत्रू त्यांच्या पाठीवर असणार, आमच्या बाजूला येऊ नये म्हणून सांगतोय. त्याने पुन्हा हाक मारली. मग मी उचलला. रडत उचलला, पण उचलला."

चौकशीत त्याने हेच सांगितलं. आमच्याच रेजिमेंटचे साहेब होते. हसले. म्हणाले, पलीकडचा माणूस कधी म्हणेल का की माझा पूल उचल म्हणून? पुरावा नाही म्हणून सोडला.

आणि गुरुजी, मीसुद्धा त्याला तेच विचारलं. त्याच्या उशाशी बसून, त्याचा हात हातात घेऊन. "असं कोण म्हणेल रे, हिन्रिक?" तेव्हापासून मला एक दिवसही खात्री वाटलेली नाही. म्हणून तुमच्या वाक्याचा इतका राग आला. ते माझ्याच मनातलं होतं.

तुम्हाला नक्की शब्द हवे होते. हे घ्या.

टेल्से

·

ओस्टरझील
२८ ऑगस्ट १९२७

गुरुजी,

सबंध उन्हाळा गेला. तुमचं एक अक्षर नाही. म्हणजे पुस्तक छापखान्यात गेलं असणार. एवढंच कळवा, वाक्य आहे की गेलं. वाईट बातमी ऐकायची मला सवय आहे, वाट बघायची नाही.

टे. हार्म्स

·

श्टाइनहाल्डे
२५ सप्टेंबर १९२७

टेल्सेबाई,

हे पत्र एकटीने वाचा.

जूनपासून मी लिहायला बसतो आणि उठतो. पहिल्यांदा ती कविता. ती कुठल्या पुस्तकात नाही. आमच्या गावच्या ओढ्याला पूर आला की मुलं शाळेत अडकायची, तेव्हा त्यांना रमवायला मी ती केली होती. माझ्या विद्यार्थ्यांखेरीज ती कुणाला ठाऊक नाही, आणि त्या तुकडीत माझा विद्यार्थी एकच होता. तुम्ही लिहिलेल्या दोन ओळींच्या पुढच्या दोन अशा:

वाटसरू तो बोलत बसला, सूर्य बुडे पाण्यात,
पाणी सरले, वाट राहिली, हात तिचा हातात.

त्या पोराचं नाव यॉर्ग. यॉर्ग नॅगेले. माझा एकुलता एक मुलगा. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण इतिहासकाराने स्वतःचं दुःख मध्ये आणू नये असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मला फक्त एवढंच हवं होतं की तो शेवटी काय बोलला. तुम्ही ते पाठवलंत.

आता तो शब्द. तुम्ही मला हसलात तो. तुमच्याकडे हेबणं म्हणजे उचलणं. पुस्तकातही तेच, शाळेतही मी तेच शिकवलं. पण आमच्या डोंगरात घरोघर, चुलीपाशी, गोठ्यात, हेबणं म्हणजे धरून ठेवणं. आई मुलाला म्हणते, माझा पदर हेब. मी तुमचं पत्र हातात हेबलं, म्हणजे धरून बसलो.

यॉर्ग म्हणत होता, धर. पूल धर, हिन्रिक. आम्ही येतोय.

तुमचा भाऊ खरं बोलत होता. प्रत्येक शब्द.

यॉर्गला शुद्ध भाषा येत होती हो. माझाच विद्यार्थी. 'धर'साठी पुस्तकातला शब्द त्याला झोपेत विचारला असता तरी आला असता. कविता त्याने शुद्ध भाषेत म्हटली, परक्याला कळावी म्हणून. पण धुक्यात, पाठीवर गोळ्या असताना, माणूस पुस्तकातून हाक मारत नाही. आईच्या तोंडची भाषा बोलतो. त्याची आई त्याच्या लहानपणीच गेली. तिच्या तोंडचं त्याच्याजवळ फार थोडं उरलं होतं, त्यातला हा एक शब्द.

संध्याकाळी मी मागच्या अंगणात सफरचंदाखाली बसतो आणि तो शब्द पुटपुटून पाहतो. एकदा तुमच्या अर्थाने, एकदा आमच्या. ऐकायला दोन्ही सारखेच.

मी पुस्तकात खरं ते लिहीन: की माझ्या मुलाने 'धर' म्हटलं आणि ते 'उचल' असं ऐकू आलं. आमच्या माजी सैनिकांच्या संघाच्या लोकांना ते आवडणार नाही. आपल्याच मुलाच्या जिभेने आपली मुलं गेली, असं कुणाला वाचायचंय? पण तुमच्या भावाचं नाव त्याखेरीज स्वच्छ होत नाही. त्याला तुम्हीच सांगा. माझ्याकडून सांगा की माझा त्याच्यावर राग नाही. होता. आता कुठे ठेवावा ते कळत नाही.

एबरहार्ट नॅगेले

·

ओस्टरझील
६ ऑक्टोबर १९२७

गुरुजी,

तुमचं पत्र मी भट्टीमागे उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. वामी करपल्या.

तुम्हाला काय लिहावं ते मला येत नाही. मासळीवाल्या बाईला असे शब्द नसतात. यॉर्गने आणलेला पाव हिन्रिकने अजून विसरलेला नाही. त्यात जिरं होतं, असं तापातसुद्धा सांगत होता. एवढंच तुम्हाला देण्यासारखं आहे माझ्याजवळ.

हिन्रिकला मी सांगितलेलं नाही. रागावू नका. त्याच्याकडे जाऊन उभी राहिले, तोंड उघडलं, आणि त्याने वर पाहिलं. मग म्हटलं, "जेवायला चल."

कारण असं. त्या डिसेंबरात तापात तो मला म्हणाला होता, "तो पोरगा माझ्याहून शूर होता, टेल्से. त्याने दिलं, मी नुसता दोर ओढला." सगळं गाव त्याला भेकड म्हणतं, पण त्याच्या मनात एक गोष्ट शाबूत आहे: की एका शूर मुलाने त्याला काहीतरी सोपवलं आणि त्याने ते केलं. त्याच्या बळावरच तो इतकी वर्षं रोज उठतो, लाकडं फोडतो. आता मी त्याला सांगू की तो मुलगा काही देत नव्हता? तो यायला निघाला होता? थांब म्हणत होता?

नाव स्वच्छ होईल आणि माणूस मोडेल. तुम्ही सरळ छापलंत तर तो वाचणारच. न छापलंत तर तो भेकडच राहील. फेब्रुवारीत मी तुमच्याकडे तावातावाने मागितलं होतं, तेव्हा सोपं होतं.

तुम्ही शब्दांची माणसं. शोधा काहीतरी.

टेल्से

·

श्टाइनहाल्डे
३० ऑक्टोबर १९२७

टेल्सेबाई,

सापडलं. शोधायची गरजच नव्हती, ते माझ्या मुलानेच ठेवून दिलं होतं.

जुनं वाक्य गेलं. तिथे आता हे आहे:

"पलीकडून हाक आली: हेब. पहारेकरी हिन्रिक हार्म्स याने शेवटपर्यंत हेबलं."

काल संघाच्या बैठकीत, खाणावळीत, वाचून दाखवलं. आमचे अध्यक्ष पिठाच्या गिरणीचे मालक. पोटावर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे त्या उत्तरेवाल्याने पूल धरून ठेवला होता तर. आणि आपण इतकी वर्षं त्याला शिव्या घालतोय." मी म्हटलं, "जसं लिहिलंय तसं आहे." "पण मास्तर, हा गावठी शब्द? तुम्ही? माझ्या वहीत याच शब्दाखाली लाल रेघ मारायचात." मी म्हटलं, "कधीकधी गावठी शब्दच अचूक असतो, बाळा." तो बाळ आता चाळिशी ओलांडून गेला आहे. हसला, आणि छपाईच्या मंजुरीवर सही केली.

तुमच्याकडे वाचतील ते असं वाचतील: उचल म्हणून हाक आली, त्याने उचलला, हुकूम पाळला. आमच्याकडे वाचतील: धर म्हणून हाक आली, त्याने धरला. दोन्हीकडे तुमचा भाऊ निर्दोष. दोन्हीकडे माझा मुलगा निर्दोष. यात खोटं एक अक्षर नाही, आणि तरी रात्री मला वाटतं की सबंध पुस्तकात एवढं एकच वाक्य मी कुणाच्या तरी डोळ्यांवर पडदा ओढायला लिहिलं. इतिहास लिहिणाऱ्याने असं करावं का, ते मला माहीत नाही. हिन्रिकला ते 'उचल' असंच वाचू दे. त्याचा शूर मुलगा त्याच्याजवळ राहू दे. माझ्याजवळ माझा आहे.

कविता मी पहिल्या पानावर घातली आहे, चारही ओळी. खाली फक्त 'यॉर्गसाठी'.

दोन प्रती पाठवतो.

ए. नॅगेले

·

ओस्टरझील
२८ नोव्हेंबर १९२७

गुरुजी,

मी हिन्रिक हार्म्स. अक्षर वाईट आहे, सवय राहिली नाही. टेल्से बाजारात गेली आहे. मी लिहिलं हे तिला कळवू नका.

पुस्तक आलं. मृतांच्या रविवारी चर्चनंतर खाणावळीत कुणीतरी ते पान मोठ्याने वाचलं. जो मासिकाचं पान घेऊन आला होता तो म्हणाला, "म्हणजे ते खरंच ओरडले होते." एकाने माझ्याकडे खुर्ची सरकवली. मी बसलो. टेल्से बाहेर जाऊन रडली. मला वाटतं तिला खूप दिवसांनी बरं वाटलं. त्यासाठी तुमचे आभार.

आता खरं. तुमचं वाक्य मला दोन्हीकडून वाचता येतं.

एकोणीसच्या वसंतात मी तुमच्याकडच्या दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा गाडीवान होता, त्याचे हात थरथरायचे. एकदा त्याने दुधाचा कप माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "हेब, पोरा." मी कप वर उचलला. तो अजून त्याच्याच बोटांत होता. दूध सगळं पांघरुणावर सांडलं. तो म्हणाला, "अरे, उचल कुठे म्हटलं? हेब म्हटलं." सगळी खोली हसली. मीही हसलो. मग मी उठून संडासात गेलो आणि तिथेच बसून राहिलो.

तेव्हापासून मला माहीत आहे. बोललो असतो तर सुटलो असतो. पण त्या पोराच्या घरी कुणीतरी असणार, हे मला ठाऊक होतं. पूल कुणा भेकडाने उचलला, हे आईबापाला सोसता येतं. कुणावर तरी थुंकता येतं. स्वतःच्या पोराच्या तोंडचा, घरात शिकवलेला शब्दच त्याच्यावर उलटला, हे कसं सोसायचं? म्हणून टेल्सेला लिहू नको म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. तुमच्या पत्रांतलं तिने मला काही सांगितलेलं नाही. तो कुणाचा मुलगा ते मला पहिल्या पानावरून कळलं.

टेल्सेला वाटतं मी अजून ते तसंच धरून आहे, की त्याने स्वतःहून दिलं. तिला तसंच वाटू द्या. तिलाही काहीतरी हेबायला लागतं.

काल चर्चला पुलावरून गेलो. मध्ये जरा थांबलो.

त्याने मला दोनच ओळी म्हणून दाखवल्या होत्या. पुढच्या दोन सकाळी सांगतो म्हणाला होता, अलीकडे आल्यावर. आता वाचल्या.

हिन्रिक हार्म्स